आत्याच्या आवाजाचा सुरुंग

मु. पो. अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा
९ फेब्रुवारी २०२५

चि. संघपाल यास,

तुझी आत्या तानाबाई हिचे अ. उ. आ. हे रीत म्हणून लिहिले. खरेखुरे द्यायचे का नाही, ते पत्राच्या शेवटी पाहू.

एक दिवसाआड फोन करणारी आत्या आज कागद घेऊन काऊन बसली, असं तुले वाटंन. आता असंच राहीन. फोनवर बोललं की तू माझा आवाज चोरून ठेवतं, हे मले समजलं आहे. कागदावरून चोरण्यासारखं माझं अक्षर फक्त. ते न्यायचं तर ने.

झालं असं. माझ्या फोनची पिन सैल झाली म्हणून मी स्टँडसमोरच्या फहीमच्या दुकानात गेली होती. सोबत शेजारची झुंबरबाई होती. फहीम दोन लेकरांचा बाप आहे, पण गिऱ्हाईक उभं ठेवून मोबाइलवर खेळ खेळतो. त्या खेळात एक शहर होतं. सगळीकडं लाल-निळे दिवे, पाऊस काही थांबत नव्हता, माणसाच्या डोक्यातून वायरी निघालेल्या आणि हात लोखंडाचे. फहीमचा शिपाई बंदूक घेऊन एका बोळीतून चालला होता. त्याचा पाय कशावर तरी पडला, आणि मले माझाच आवाज आला. "आहे तिथंच थांब. एक पाऊल हलू नको. काऊन एवढी घाई असते बे तुले? जेवला का? समता डबा घेऊन येऊन राह्यली."

झुंबरबाईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मले म्हणे, ताने, तू आता तोंड न उघडता पण बोलतं का?

मी फहीमले विचारलं तर तो खुशीत सांगायले लागला, मावशी हा भूसुरुंग आहे, फौजेचा, बोलणारा, आपल्या संघपालभाऊच्याच कंपनीचा खेळ आहे. तेवढ्यात त्या बोळीत चार काळे शिपाई आले आणि त्यायनं फहीमले गोळ्या घातल्या. मेलो, म्हणे फहीम, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

तो बोलका निरोप मी तुले फोनवर दोन वर्षांपूर्वी पाठवला होता. तू चिखलीच्या स्टँडवर डबा विसरून गेला होता आणि माझी समता सायकल हाणत तुझ्यामागं निघाली होती. त्यानंतर तू घरी आला नाही. आत्याले न्यायले जागा नव्हती, तिचा आवाज तेवढा नेला, आणि तो पण जमिनीत पुरला.

माझा भाऊ पुंजाजी आणि वहिनी गेल्यावर तुले मी वाढवलं, ते काही उपकार म्हणून लिहीत नाही. पण विचारायचं तरी होतं. तीस वर्षं अंगणवाडी चालवली मी. या गावात माझा आवाज ज्याच्या कानात गेला नाही असं लेकरू नाही. ते सारे आता विचारून राह्यले, तानाबाई, फौजेत कधी गेल्या?

उत्तर कागदावरच पाठव. लोभ किती ठेवायचा ते त्यावरून ठरवीन. तोवर वरचे आशीर्वाद उसने समज.

तुझी आत्या,
तानाबाई

*

पुणे
१७ फेब्रुवारी २०२५

ति. आत्यास,

स. ज. वि. वि. सविनय जयभीम, विनंती विशेष. या खेपेला विनंतीच विशेष आहे.

आत्या, चुकलं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि तू नाही म्हटल्यावर पुढं काही उरत नाही, म्हणून विचारलं नाही. हे कारण नाही, हे मलाही कळतं.

काय झालं ते सांगतो. आमचा खेळ आणखी पन्नास-साठ वर्षांनंतरच्या शहरात घडतो. सरकार नावापुरतं उरलंय आणि दोन मोठ्या कंपन्यांच्या फौजा गल्लीगल्लीत लढतायत. त्यातला एक सुरुंग मला करायला दिला होता. त्याचं नाव जळू. भाकरीच्या ताटाएवढा असतो. पाय पडला की तो उडत नाही, बोलायला लागतो. शिपायाच्या डोक्यातली वायर वाचून त्याच्याच घरच्या माणसासारखा बोलतो आणि त्याला गुंतवून ठेवतो. पाय उचलला की स्फोट. नाही उचलला तर तोवर शत्रूची तुकडी येऊन पोचते.

आधी आम्ही इथल्या एका नाटकातल्या बाईंचा आवाज घेतला होता. फार गोड आवाज. पण खेळून बघणाऱ्यांपैकी एकही जण थांबेना, सगळे लगेच पाय उचलून मोकळे. एका दुपारी मी गंमत म्हणून तुझा निरोप त्या जागी लावला. आत्या, अख्खं ऑफिस जागच्या जागी थांबलं. आवाजाचं काम बघणारी मलिहा म्हणाली, आता दुसरा आवाज शोधायचा नाही. आमचे मुख्य राजकुमार सर म्हणाले, गावठी आहे, पण लोक हसतील, ठेवा. लोक हसले नाहीत. थांबले. मला त्याचा फार अभिमान वाटला आणि त्या भरात तुला कळवायचं राहिलं.

फहीमकडं आहे तो नमुन्याचा खेळ. पुरा खेळ उन्हाळ्यात येणार आहे आणि त्यासाठी सुरुंगाला पुष्कळ बोलायचं आहे. सरांचं म्हणणं, तू पुण्याला येऊन रेकॉर्डिंग करावं. रीतसर मानधन देतील. तू नाही म्हणालीस तर तुझे जुने निरोप ऐकवून कॉम्प्युटरला तुझा आवाज शिकवायचा, मग तो तुझ्या आवाजात हवं ते बोलेल. माझ्या फोनमध्ये तुझे कितीतरी वर्षांचे निरोप आहेत. भाऊराव मामा गेले त्या दिवसांतलेही आहेत. सरांनी ते मागितले. मी दिले नाहीत. त्यावरून केबिनमध्ये बोलावणं झालं, आणि पुढं काय होईल ते सांगता येत नाही. नोकरी गेली तर दुसरी बघीन, पण ते निरोप देणार नाही, एवढं नक्की.

आता तू ठरव. रागावून राहायचं असलं तरी पत्र लिहून रागाव. लोभ उसना चालेल, व्याजासकट फेडीन.

तुझा,
संघपाल

*

अमडापूर
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय संघपालदादा,

स. जयभीम. आईने मला शपथ घातली आहे की तिची खबर तुला फोनवर सांगायची नाही. पत्राबद्दल ती काही बोलली नाही. मी मराठीची शिक्षिका आहे, शब्दाला शब्द पाळते.

पहिली गोष्ट, माझं काय करून ठेवलं आहेस ते ऐक. सुरुंग म्हणतो समता डबा घेऊन येऊन राह्यली, आणि लगेच चार शिपाई येऊन गोळ्या घालतात. त्यामुळे खेळणारे लोक त्या तुकडीलाच समता म्हणतात. काल मी नववीच्या वर्गात शिरले तर मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, पळा, समता आली. मुख्याध्यापक मला डब्यात काय आहे विचारतात. हे सगळं तुला परत करायचं आहे, फक्त तू घरी ये.

आता आईची बातमी. बाहेर ती कमालीची रागावलेली आहे. वेशीपासून बौद्धवाड्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं की भाच्याने गळा कापला. पण रोज चार वाजले की तिच्या फोनची पिन पुन्हा सैल होते. फहीमभाईंनी तिच्यासाठी दुकानात वेगळं स्टूल ठेवलं आहे. ती खेळात सरळ चालत जाते, बंदूक कधी चालवत नाही, सुरुंग सापडला की मुद्दाम पाय ठेवते आणि स्वतःचं ऐकते. जेवला का हे आपण फार घाईत म्हटलं, असं तिचं मत आहे. फहीमभाईंची बायको नजमुन्निसा सांगत होती की मावशी सुरुंगाला उत्तरंही देतात.

झुंबरमावशी वेगळ्याच दुःखात आहे. तिचं म्हणणं, माझा आवाज तानीपेक्षा मोठा, मग मला काऊन नाही विचारलं? ती दोन दिवसांपासून अंगणात उभी राहून विनाकारण कोंबड्यांवर ओरडते आहे.

पण दादा, एक गोष्ट मस्करीची नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी आईने बाबा गेले त्या दिवसांतल्या निरोपांची ओळ वाचली आणि बराच वेळ पत्र तसंच मांडीवर ठेवलं. मग मला म्हणाली, पोरगं नोकरी घालवंन पण देणार नाही. त्यानंतर ती तुझ्यावर रागावली नाही. पण खेळातलं काहीतरी तिला खुपतं आहे. काय ते मला सांगत नाही, तुला सांगेल. सांगेल तेव्हा थट्टेवारी नेऊ नकोस.

तुझ्या लोभावर माझा जुना हक्क आहे, तो मागत बसत नाही.

तुझी,
समता (पलटण नव्हे)

*

अमडापूर
३ मार्च २०२५

चि. संघपाल यास अ. आ.

मागचे उसने आशीर्वाद आता पक्के समज.

मी येते. यंत्राले माझा आवाज शिकवू नको. यंत्र काही पण बोलंन. उद्या त्यानं माझ्या आवाजात झुंबरबाईची माफी मागितली तर मी गावात काय तोंड दाखवू?

पण माझी एक अट आहे आणि ती तुझ्या साहेबाले आधी सांग.

मी फहीमच्या दुकानात बसून पाहिलं. ज्यानं माझं न ऐकता पाय उचलला तो मेला. चला, ते समजलं. पण ज्यानं माझं ऐकलं, जागेवर थांबला, तो पण मेला. फहीम एक दिवस खरोखर थांबला, म्हणे मावशी तुमचं ऐकतो, आणि त्याले उभ्या उभ्या मारलं. मले ते पाहवलं नाही. तीस वर्षं मी इथल्या बायायले सांगत आली, लेकरू घेऊन ये, डोस पाजू दे, वजन करू दे, माझं ऐक, काही होत नाही. मार खाल्ला, शिव्या खाल्ल्या, पण त्यायनं ऐकलं. आणि माझं ऐकून कोणाचं वाईट झालं असं एक घर दाखव. तुझ्या खेळात मी जवळच्या माणसाच्या आवाजात थांब म्हणते आणि थांबणाऱ्याले मारून टाकते. असं मी जन्मात केलं नाही, मेल्यावर पण करणार नाही.

आपल्याकडं विहिरीले सुरुंग लावतात, पाणी लागावं म्हणून. तुमच्या सुरुंगातून काय लागतं?

तर अट अशी. जो थांबंन, माझ्याशी नीट बोलंन, त्याले सोडायचं. साहेब हो म्हणत असंन तर तिकीट काढते. समताले दहावीच्या परीक्षेचं काम आहे, मी एकटीच येईन. स्टँडवर घ्यायले ये, आणि आधीच विचारते, तुझ्या खोलीत झोपायले गादी आहे, का तिथं पण वायरीच आहेत?

लोभ आहेच. वाढवायचा तर अट मान्य करून आण.

तुझी,
आत्या

*

पुणे
३० मार्च २०२५

प्रिय समते,

स. जयभीम. आत्याला काल चिखलीच्या गाडीत बसवून दिलं. ती पोचल्याचं तू कळवलंस, बरं वाटलं. ती तुला तिची बाजू सांगेलच, म्हणून माझी आधी लिहून ठेवतो.

राजकुमार सरांना अट मान्य नव्हती. ते म्हणाले, दया करणारा सुरुंग कोणती फौज विकत घेईल? आधी रेकॉर्डिंग होऊ द्या, अटीचं नंतर बघू. मी हे आत्याला तिकीट काढण्याआधीच सांगितलं होतं, तरी ती आली. म्हणाली, नंतर बघू म्हणणाऱ्याशी समोर बसूनच बोलावं लागतं.

स्टुडिओत तिला काचेच्या खोलीत बसवलं. समोर माईक आणि हातात वाक्यांचा कागद. तिनं दोन वाक्यं वाचली आणि थांबली. शरण ये असं मी आयुष्यात कोणाला म्हटलं नाही, म्हणाली, आणि या लोखंडाच्या दांड्याशी मला बोलता येत नाही, समोर माणूस पाहिजे. मलिहानं मला आत पाठवायचं म्हटलं तर आत्या म्हणाली, हा नको, याची उत्तरं मला पाठ आहेत. मग मलिहानं कॅन्टीनमधून एक स्टीलचं ताट आणलं, जमिनीवर पालथं घातलं, आणि राजकुमार सरांनाच विनंती केली की यावर पाय ठेवून दोन मिनिटं उभे राहा. सर हसत हसत उभे राहिले. बूट चकचकीत, एक हात खिशात.

आत्यानं नाव विचारलं, ते सांगितलं. कुठला, विचारलं. ते म्हणाले, इथंच असतो पुण्यात. असतो कुठं ते नाही विचारलं, कुठला ते विचारलं, असं ती म्हणाली. सर म्हणाले, विदर्भातला. तर ती म्हणाली, विदर्भ लय मोठा आहे. मग ते बुलढाण्यावर आले. जिल्ह्यात तेरा तालुके आहेत, असं आत्यानं आठवण करून दिली. काचेच्या बाहेर आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. सर म्हणाले, संग्रामपूर. आत्या नुसती थांबली. मग त्यांनी गावही सांगितलं. वरवट बकाल.

समते, हा माणूस पाच वर्षं माझ्या बोलण्यातलं मले-तुले काढून टाकायला सांगत होता.

पुढं ती विचारत गेली आणि ते सांगत गेले. जेवलात का, तर नाही. घरी कोण, तर आई. तिच्याशी बोलता का, तर रोज. कोणत्या बोलीत, असं तिनं विचारलं तेव्हा सरांनी खिशातला हात बाहेर काढला. म्हणाले, आपल्याच. पण ऑफिसात नाही, फोन आला की खाली पार्किंगमध्ये जातो. आत्यानं त्यावर काही शिकवण दिली नाही. पार्किंगमध्ये ऊन लागत असंन, एवढंच म्हणाली. मग त्यांच्या आईच्या डोळ्यांचं, शेजारच्यांशी बांधावरून चाललेल्या भांडणाचं, उन्हाळ्यात तिकडं पाणी किती दिवसांनी येतं त्याचं, असं बराच वेळ चाललं. दोन मिनिटांसाठी उभा राहिलेला माणूस ताटावरून हलला नाही. मलिहानं रेकॉर्डिंग बंद केलं नव्हतं.

शेवटी सर अगदी हळू आवाजात म्हणाले, "मावशी, पाय उचलू का? दुखून राह्यला."

आत्या म्हणाली, "उचल बाबा. काही होत नाही."

तरी ते क्षणभर तसेच उभे होते. मग त्यांनी पाय उचलला, वाकून ताट उचललं, रुमालानं पुसलं आणि मलिहाच्या हातात दिलं. बाहेर येऊन मला म्हणाले, फौजी दृष्टीनं हे साफ चूक आहे, पण सुरुंग थांबणाऱ्याला सोडेल, तसं करा. हे ते वऱ्हाडीत म्हणाले. मी तसंच वऱ्हाडीत हो म्हणालो. जुन्या निरोपांचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेलं काम झालं. शत्रूची तुकडी येते तेव्हा काय म्हणायचं, असं मलिहानं विचारलं, तर आत्यानं लगेच म्हणून दाखवलं, तुम्ही पण थांबा, याचं होऊ द्या. आता पलटण बाजूला रांगेत उभी राहते. तुझी बदनामी काहीशी कमी होईल.

शेवटच्या दिवशी आत्यानं मला बाहेर काढलं. आम्हा दोघींचं काम आहे म्हणे. मलिहा आणि ती दुपारभर आत होत्या. मधूनच हसण्याचा आवाज येत होता. काय केलं विचारलं तर मलिहा म्हणाली, किरकोळ दुरुस्ती. मलिहाचं काम फार बारीक असतं, त्यामुळं मी जास्त विचारलं नाही. चहाच्या वेळी मलिहानं मला नेहमीसारखा बिनसाखरेचा कप दिला, तो आत्यानं पाहिला आणि मला विचारलं, साखर कधी सोडली? मी सांगितलं, वर्ष झालं, डॉक्टर म्हणाले म्हणून. ती मलिहाशीच उसाच्या रसाबद्दल बोलत बसली.

घरी सगळं नीट. लोभ ठेव, आणि वर्गात मार खाऊ नकोस.

तुझा,
संघपालदादा

*

अमडापूर
७ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

स. जयभीम. थोडक्यात लिहिते, पेपर तपासायचे आहेत.

तुझ्या पत्रात मलिहा हे नाव किती वेळा आलं ते मोजायला बसले आणि अर्ध्यात सोडून दिलं. आईला पत्र वाचून दाखवलं. तिचं म्हणणं असं की साखरेची गोष्ट आपल्याला कळायला वर्ष लागलं आणि ज्या पोरीने न विचारता बिनसाखरेचा कप पुढे केला तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, एवढंच तिच्या लक्षात आलं आहे. बाकी तिच्या लक्षात काही आलं नाही, असं तिने मला मुद्दाम तीनदा सांगितलं.

चौदा एप्रिलला येशील का, असं तिने मला विचारायला सांगितलं नाही. मीच विचारते. नाही आलास तरी तिने काहीतरी तजवीज केली आहे असा मला संशय आहे. ती हल्ली फार शांत आहे आणि स्वतःशीच हसते. सांभाळून राहा. जिथे पाय ठेवशील तिथे बघून ठेव.

लोभ आहे तसाच, वर थोडी कीव.

तुझी,
समता

*

पुणे
१८ मे २०२५

ति. तानाबाई आत्यांना,

मलिहाचा आदाब आणि जयभीम. तुम्ही फोनवर येत नाही, म्हणून मीही कागदाला हात घातला. चुका असतील तर समताताईंकडून तपासून घ्या, मार्क मात्र देऊ नका.

काल खेळ लोकांसमोर आला. मोठा हॉल, पाहुणे, वर्तमानपत्रवाले, आणि पुढच्या रांगेत राजकुमार सरांच्या आई, वरवट बकालहून खास आलेल्या. सर आता पार्किंगमध्ये जात नाहीत. सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर खेळून दाखवायला संघपालला बोलावलं. मी मनातल्या मनात दुवा करत होते की त्याने दुसऱ्याच कुणाचं नाव टाकू नये. खेळ सुरू होताना नाव विचारतो. त्याने स्वतःचंच टाकलं, आणि आपली किरकोळ दुरुस्ती त्याच नावाला लावलेली होती.

तो बोळीत शिरला, लोकांना समजावत होता की हा जळू नावाचा सुरुंग, हा थांबणाऱ्याला सोडतो, खेळाडूने माईकवर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न येतो. पाय ठेवला. तुम्ही विचारलंत, नाव काय. त्याने ऐटीत सांगितलं, संघपाल. मग तुम्ही म्हणालात, बरा सापडला. हा सुरुंग बाकीच्यायसाठी नाही, तुझ्यासाठी आहे. दोन वर्षं झाले, घरी काऊन आला नाही बे?

हॉलमध्ये हसू फुटलं. संघपालने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहत राहिले. त्याने काम होतं असं सांगितलं. तुमचा पुढचा प्रश्न आला, काम का कारण? त्याने सांगितलं, कारण. मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं की तो खरं बोलेल. मला वाटतं, माईक हातात आहे हे तो विसरला. पलटण आली, रांगेत उभी राहिली, तीही ऐकत होती.

मग तुमचा शेवटचा प्रश्न. "त्या आवाजवाल्या पोरीले घरी कधी आणतं?"

आत्या, आम्ही चार वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. तो म्हणायचा, आत्याने नाही म्हटलं तर मला सहन होणार नाही, म्हणून घरीच जायचं टाळत गेला. मी म्हणायचे, अब्बा काय म्हणतील, मोहल्ल्यात काय बोलतील. दोघेही पाय न उचलता उभे होतो. त्या दुपारी तुम्ही मला तो प्रश्न रेकॉर्ड करून दिलात तेव्हा मी आधी रडले आणि मग हसले, ते तुम्ही पाहिलंच आहे.

संघपाल माईकमध्ये म्हणाला, "तिनं हो म्हटलं तर या महिन्यातच."

आता सुटकेचं वाक्य यायला हवं होतं. ते तुम्ही बोललाच नव्हता. त्याले सोडायचं का नाही ते तुझं तू ठरव, म्हणून तेवढी जागा माझ्यासाठी ठेवली होतीत. त्यामुळे सुरुंगातून एकदम माझा आवाज आला. "सोडलं." सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. सरांच्या आई मोठ्याने विचारत होत्या, हे काय चालू आहे, खेळ आहे का सोयरीक? संघपालने पाय उचलला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. पडद्यावरचा शिपाई मात्र मजेत पुढे निघून गेला आणि पहिल्याच कोपऱ्यावर गोळी लागून मेला, कारण चालवणाऱ्याचं लक्ष नव्हतं.

आता खरी अडचण. अब्बांना आज सकाळी सांगितलं. अब्बा, रहेमतुल्ला नाव, बसच्या कारखान्यात मेकॅनिक होते, आता घरी असतात. ऐकून रागावले नाहीत, पण चहा तसाच राहिला. अम्मी आत निघून गेली. मग अब्बा म्हणाले, मुलगा चांगला असेल, पण घर कसं आहे, ज्या बाईने वाढवला ती कशी आहे, ते कसं कळायचं? मी माझ्या फोनवर खेळ लावला, सुरुंगापर्यंत नेऊन दिला आणि त्यांच्या हातात फोन दिला.

तुम्ही विचारलंत, कुठले, जेवलात का, घरी कोण कोण. अब्बा उभ्यानेच उत्तरं देत होते. गुडघ्यांचं सगळं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं सांगितलं, माझ्याबद्दलही बरंच सांगितलं, ते मी कधी ऐकलं नव्हतं. अम्मी बाहेर आली तर हाताने तिला थांबायला सांगितलं. सुरुंगाने त्यांना सोडलं तरी ते तिथून हलेनात. पुन्हा पाय ठेवता येतो का, असं मला विचारलं.

शेवटी फोन माझ्या हातात परत देत म्हणाले, "या बाईंना लिही, आम्ही तिघं येतो अमडापूरला. पण म्हणावं, बसून बोलू. उभ्याने एवढं बोलणं माझ्या गुडघ्यांना झेपत नाही."

तेव्हा आत्या, एक खुर्ची जरा उंच ठेवा. लोभाचं मी मागत नाही, तुम्ही आधीच देऊन बसला आहात. तो आमच्या घरच्यांना पुरेल इतका शिल्लक असू द्या.

तुमची,
मलिहा